कर्म म्हणजे केलेलं

तारेच्या दोरावरून जुन्या धोतराची चिंधी फिरवत तो म्हणायचा, "थांबा, दोर पायू द्या." दोराची एखादी तार तुटली असली की चिंधी तिथे अडकायची. मग क्रेनवाल्याने कितीही बोंब मारली तरी तो दोर बाद.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. लोखंडी तुळया दोराने बांधून क्रेनने वर पाठवायच्या, हे आमच्या टोळीचं काम. तो भंडाऱ्याकडचा मिस्त्री, मी त्याचा जोडीदार. असा हट्टी माणूस तुम्हीही पाहिला असेल.

एका शब्दावर मात्र त्याचं डोकं फिरायचं. कोणाचं बोट चेंगरलं आणि कोणी "त्याचं कर्म" म्हणून हळहळलं, की संपलंच. "कर्म म्हंजे करणं! कॅम्प एकच्या विहारात भंतेजीनं सांगतलं. पाली भाषेतलं 'कम्म'ही करण्यातूनच आलं. आधी कोनीतरी करते, मंग फळ येते. तुमी फळालेच कर्म म्हणून राहिले. कोनं काय केलं, ते सांगा!"

आम्ही हसायचो. त्याच्या डब्यातली भाजी खारट लागली की विचारायचो, "मिस्त्री, हे कोनाचं कर्म?"

"बायकोचं. अन् तिले घाई कोनं केली? म्या."

त्या सकाळी क्रेनवाल्याला हाताने खुणा करायला तो पुढे गेला होता. तिथूनच ओरडला, "दोर पायला का?"

मी विडी ओढत होतो. दोराला हातही लावला नव्हता. "पायला," म्हटलं.

तुळई डोक्याइतकी वर गेली आणि दोर तुटला. मिस्त्रीचा उजवा पाय तुळईखाली चिरडला; गुडघ्यापासून कापावा लागला.

दवाखान्यात येणारे म्हणायचे, "कर्माचे भोग." तो कोणाशी भांडला नाही. मला म्हणाला, "तू तं दोर पायला होता. म्हंजे माहीच खूण चुकली. त्यानंच दोराले झटका बसला असन."

खरं सांगायला मी रोज जायचो आणि रोज तसाच परत यायचो. भीती वाटायची, दुसरं काही नाही.

तो गावी निघाला तेव्हा दुर्ग स्टेशनवर पोहोचवायला गेलो. खिडकीतून हात वर करून, त्या सकाळची खूण करून दाखवत तो विचारू लागला, "असा होता का? का असा? तू समोर होता, आठव नं भाऊ."

त्या सकाळी त्याचा हात बरोबरच होता. मला स्वच्छ आठवत होतं.

"नाही आठवत," मी म्हणालो.

गाडी हलली. तो अजून हात वर-खाली करून पाहत होता.