वरून आलेली पावलं

चौदा नोव्हेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, तपासनीसांनी आपल्या होणाऱ्या व्याह्यांकडून अकराशे पन्नास रुपये घेतले आणि त्यांच्या नावाने शिखराची पावती फाडली.

तपासनीस हे काही त्यांचं आडनाव नव्हे. कारखान्यात येणारा माल तपासून आत घेण्याचं काम त्यांनी उमेदीची सगळी वर्षं केलं. ज्या पेटीवर ‘उत्तम’ असा शिक्का असे, तीच ते आधी उघडत. नोकरी सुटली, नाव चिकटलं, स्वभावही. घरी पाहुणा ‘भूक नाही’ म्हणाला तरी ते बायकोकडे बघून एक भुवई उडवत.

आता ते डोंगरच्या सहली काढत. सहली तीन: तळ्याभोवतीची सपाट फेरी, मधली सोंड आणि शिखर. कोणाला कुठे पाठवायचं हे ते गिऱ्हाइकाला विचारत नसत. त्यांच्या मते आपल्या दमाबद्दल माणूस वयापेक्षाही जास्त खोटं बोलतो. त्यांची कचेरी तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. गिऱ्हाईक शेवटच्या पायरीवर आलं की ते दारातच गाठून विचारत, “या, या! पत्ता कसा सापडला?” एका दमात सगळं सांगणारा शिखरावर. वाक्याचे दोन तुकडे करणारा सोंडेवर. नुसता हात वर करून ‘थांबा’ म्हणणारा तळ्यावर.

व्याह्यांनी तर रस्ता, सिग्नल, कोपऱ्यावरचा चांभार आणि महानगरपालिकेचा कारभार, सगळं एका श्वासात ऐकवलं. कपाळावर घामाचा थेंब नाही.

पण पावलं वरून आली होती. तपासनीसांनी कानांनी ऐकलं होतं. कचेरीच्या वर फक्त गच्ची, आणि ती शेजारच्या इमारतीच्या गच्चीला जोडलेली. शेजारच्या इमारतीला लिफ्ट होती.

“अहो, माणूस चांगला ठणठणीत आहे,” रात्री जेवताना बायको म्हणाली. “निदान व्याह्यांना तरी सोडा की!”

“ठणठणीत माणसाच्या बुटांना गच्चीतला चुना लागत नाही.”

“मग सांगा सरळ, तळ्यावर जा म्हणून.”

“बाबा, माझ्या सासऱ्यांना माल नापास म्हणून परत पाठवू नका हं!” मुलगी म्हणाली. तिचं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि मुलाच्या लग्नाआधी शिखर सर करणार अशी दवंडी व्याह्यांनी सगळ्या नात्यात पिटली होती. आता नाही म्हणावं तर व्याही कायमचे रुसणार. हो म्हणावं आणि वर काही बरंवाईट झालं, तर लोक मुलीच्याच नावाने बोटं मोडणार.

रविवारी मुलगी शिखराच्या टोळीला घेऊन पुढे निघाली. तपासनीस मुद्दाम मागे, व्याह्यांच्या सोबतीला राहिले.

“व्याहीबुवा, तुमचं रंगांचं दुकान सुरू कसं झालं हो?” चढ लागताच त्यांनी विचारलं.

“त्याचं असं झालं... वडिलांनी...” व्याही थांबले. “वा! काय देखावा आहे!”

समोर एक झुडूप होतं. देखावा म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

“मग... गाळा मिळाला... काय ही हवा!” पुन्हा थांबणं. पुढच्या वळणावर त्यांना आभाळ फार आवडलं. ओठ पांढुरके पडू लागले होते.

तळ्याची वाट जिथे फुटते त्या फाट्यापुढे खरा चढ होता. तपासनीस एका दगडावर मटकन बसले आणि त्यांनी डावा गुडघा धरला. “आई गं!”

“काय झालं?”

“गुडघा. जुनं दुखणं आहे. तुम्ही व्हा पुढे.”

“छे, छे! तुम्हाला असं टाकून? शिखर काय पळून जातंय? चला, धरा माझा हात.”

इतक्या लगेच? माणूस वाटच बघत होता की काय, असं तपासनीसांच्या मनात आलंच. ते व्याह्यांच्या खांद्यावर भार टाकून लंगडत उतरले. तळ्याकाठी सपाटी लागताच व्याह्यांनी दुकानाची सगळी कहाणी, उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांसकट, एका दमात सांगून टाकली. त्यांच्या ओठांवर पुन्हा रंग आला. तपासनीसांनी तो नीट बघून घेतला.

लग्न थाटात झालं. दर पंगतीला व्याही सांगत होते, “आमच्या व्याह्यांना मी अक्षरशः धरून खाली आणलं. नाहीतर शिखर काय, हाकेवर होतं!” तपासनीस मान डोलवत होते.

गोष्ट गावभर झाली. आता गिऱ्हाईक वर आलं की तेच तपासनीसांना आधी विचारी: “तुमचा गुडघा कसा आहे?” एक तर म्हणाला, “साहेब, पैसे भरण्याआधी तुम्हीच एकदा खाली जाऊन वर या.” तपासनीसांनी त्याला सोंडेची पावती दिली. तो शिखराचाच होता, पण रागाच्या भरात देऊन बसले.

मुलगी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिने पिशवीतून मलमाची बाटली काढली.

“सासऱ्यांनी दिलीय. म्हणाले, बाबांना सांग, दोन्ही गुडघ्यांना लावा.”

“दोन्ही?”

“हो. वर दगडावर डावा धरला होता आणि उतरताना उजव्या पायाने लंगडत होते, म्हणे.”

तपासनीस बराच वेळ बाटलीचं झाकण तपासत बसले. म्हणजे या गृहस्थाला तिथेच कळलं होतं, आणि तरी पंगतीपंगतीला...

“आणखी काही म्हणाले?”

“हसले नुसते.”

तळ्याच्या फेरीचे साडेनऊशे होतात. वरची रक्कम तपासनीसांनी दोनदा पाकिटात घालून पाठवली. दोन्ही वेळा पाकीट परत आलं. ती घेतली तर आपण शिखरावर गेलो नाही असं होईल, हे व्याह्यांचं म्हणणं. पावती अजून त्यांच्या दुकानातल्या काचेखाली आहे.

व्याह्यांचे दोनशे रुपये तपासनीसांकडून येणे बाकी आहेत.