लॅडी हावेलचा डावा हात

व्हर्लिन झील्केने लॅडी हावेलला पहिल्यांदा पाहिलं ते हप्त्याहप्त्याने. स्ताराकच्या हॉलच्या दारातून आधी त्याचं अकॉर्डियन आत आलं. ते पूर्ण आत यायला इतका वेळ लागला की बारजवळच्या दोघांनी तेवढ्यात एकेक बिअर संपवली. मग पोट आलं, मागोमाग मिशा आल्या, आणि सगळं सामान नीट पोचलंय याची खात्री झाल्यावर शेवटी स्वतः लॅडी आला. अकॉर्डियनवर नकली हिऱ्यांत त्याचं नाव होतं. त्यावर दिवा पडला की पुढच्या टेबलावरच्या बायका डोळ्यांवर हात धरत. त्याने भाता उघडला की हॉलचे पडदे आत ओढले जात आणि मिटला की बाहेर फडफडत, असं लोक सांगत. आणि त्या केवॉनी परगण्यातली माणसं खोटं बोलतात ते फक्त पकडलेल्या माशाच्या वजनाबद्दल.

"ट्यूबा वाजवतोस?" लॅडीने विचारलं.

"नाही. बेस गिटार. थोडीशी."

"गाडी आहे?"

"दुधाचा ट्रक चालवतो. घरची एक व्हॅन आहे."

"मग चांगलं वाजवतोस," लॅडी म्हणाला, आणि व्हर्लिनची त्याच्या बँडमध्ये निवड झाली. घाई लॅडीलाच होती. जुन्या ट्यूबावाल्याने सगळे दात काढून कवळी बसवली होती, आणि ती पहिल्याच पोल्काला ट्यूबाच्या पितळी नळ्यांत शिरली होती. अजून निघाली नव्हती.

पोल्काच्या नाचगाण्यात बेसवाल्याचं काम म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पाचवा, आलटून पालटून. तानपुऱ्याला पाय फुटून तो नाचायला लागला, तर जसा वाजेल तसं. व्हर्लिनने त्यासाठी गिटारच्या पडद्यांवर बायकोच्या नेलपॉलिशचे ठिपके लावले होते. सी सुराला लाल, एफला गुलाबी, जीला नारिंगी. कुठल्या गाण्यात कुठल्या रंगानंतर कुठला रंग, हे त्याला पाठ होतं, आणि त्याचं संगीत तिथे सुरू होऊन तिथेच संपत होतं. त्या जोरावर त्याने नऊ वर्षं लग्नं वाजवली. एकाही नवऱ्यामुलाने तक्रार केली नाही.

पण अकॉर्डियनच्या डाव्या बाजूला बटणांची एक फौज असते, आणि त्या बटणांतूनही तोच मूळ सूर, तोच पाचवा निघतो. म्हणजे लॅडीच्या डाव्या हातात एक बेसवाला आधीपासून बसलेला होता, आणि लॅडी ही गोष्ट कुणाला विसरू देत नसे.

मग व्हर्लिनच्या मुलीचं, कार्लाचं, लग्न आलं, स्ताराकच्याच हॉलमध्ये आणि लॅडीच्याच बँडवर. व्हर्लिन नव्या सुटात तिच्याबरोबर नाचला आणि तिच्यासाठी एक पोल्का वाजवायला म्हणून स्टेजवर चढला. शेवटच्या फेरीला लॅडीने कुणाला न सांगता पट्टी चढवली. त्याला काय, डाव्या हाताची बोटं दोन बटणं वर सरकवली की झालं. ट्रम्पेटवाल्याने कानाने पकडलं. व्हर्लिन मात्र लाल ठिपक्यावर ठाण मांडून बसला, कारण नव्या जागेवर ठिपकाच नव्हता. वर एक गाणं आणि खाली भलतंच. नाचणारी जोडपी अंगणात साप निघाल्यासारखी थबकली.

लॅडीने वाजवता वाजवताच माइक तोंडाजवळ ओढला. "मंडळी, काळजी नको. आमचा बेसवाला मागच्या गावात उतरलाय. पुढच्या बसने येईल. तोवर माझा डावा हात आहे. तो कधी चुकत नाही आणि जेवायलाही मागत नाही."

सगळा हॉल हसला. व्याही इतके हसले की त्यांच्या तोंडातलं कोंबडीचं बूया, म्हणजे लग्नातला दाट रस्सा, नाकातून आलं. आणि विहीणबाईंनी कार्लाला काळजीने विचारलं, "तुझे बाबा नेहमी असंच वाजवतात, की आज आनंदात थोडी जास्त झालीय?"

परतताना व्हॅनमध्ये बायको, बर्निस, म्हणाली, "सोडून दे तो बँड."

"सोडीन. आधी त्याचा डावा हात बंद पाडतो. त्याच हॉलमध्ये, तशाच माणसांसमोर."

"म्हणजे मोडणार आहेस?"

"छे. हात मोडला तर लोक त्याला घरी सूप नेऊन देतील. मला त्याची लाज काढायचीय."

दुसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन एल्फ्रीडा ब्रुस्कीबाईंच्या दारात उभा राहिला. बाई लुथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना पियानो शिकवत. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज पाद्र्याला दटावण्याएवढा.

"काय शिकायचंय?" बाईंनी विचारलं.

"लॅडी हावेलला जेवढं येतं त्याच्यापेक्षा एक ओळ जास्त."

बाईंनी त्याला आत घेऊन दार लावलं. "माझ्या बहिणीच्या लग्नात माझा ऑर्गन चालू असताना त्या माणसाने चर्चच्या पायरीवर भाता उघडला होता. घरी जा, ते नेलपॉलिश पुस आणि परत ये."

शिक्षण सुरू झालं. एक पडदा म्हणजे अर्धा सूर, दोन पडदे म्हणजे पूर्ण. दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक: कुठूनही निघा, या पावलांनी चाललं की सरळ सप्तक तयार. व्हर्लिन ते ट्रकमध्ये मोठ्याने म्हणत जाई. एका गोठ्यापाशी दुधाची नळी लावताना शेतकऱ्याने विचारलं, "काय मोजतोयस रे?"

"वैर," व्हर्लिन म्हणाला.

धडा चांगला झाला की बाई पोरांना देत तसा त्यालाही चांदणीचा स्टिकर देत. ते त्याने ट्रकच्या आरशाखाली लावायला सुरुवात केली. बर्निसने एकदा त्या चांदण्या पाहिल्या, नवऱ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मग एक दिवस बाईंनी कागदावर वर्तुळ काढलं. बारा सूर गोल बसलेले, प्रत्येकाच्या शेजारी त्याचा पाचवा. सीशेजारी जी, जीशेजारी डी. "अकॉर्डियनची बटणंही याच क्रमाने असतात," बाई सहज म्हणाल्या. व्हर्लिनला शत्रूच्या घराची किल्ली अंगणात सापडल्यासारखं झालं. दोन बटणं वर म्हणजे सीवरून डी. कार्लाच्या लग्नात हा माणूस एवढंच सरकला होता. एवढ्याशासाठी व्याह्यांच्या नाकातून बूया निघालं होतं. त्या रात्री तो जेवला नाही.

पण खरं हत्यार त्याला थंडीत मिळालं. बाईंनी घरच्या ऑर्गनवर सी, ई आणि जी असे तीन सूर एकत्र धरले. स्वच्छ, हसरा कॉर्ड. "आता तू खाली ए वाजव."

त्याने वाजवला. हसरा कॉर्ड एकदम घरात कोणी गेल्यासारखा उदास झाला.

"मी हात हलवला का?" बाई म्हणाल्या. "तेच तीन सूर आहेत. कॉर्डचं नाव तू बदललंस. वर कोणी कितीही मिरवू दे, नाव ठरवतो तो सगळ्यात खालचा. फक्त एक लक्षात ठेव. तू ए वाजवताना माझ्या पायात सी चालू असेल तर..." त्यांनी पायाखालची पट्टी दाबली. खोलीत गुरगुर झाली, एका पेटीत दोन बोके कोंडल्यासारखी. "इतक्या खाली सूर एवढे जवळ आणले की असा चिखल होतो. म्हणून हे कधीही करायचं नाही."

"कधीही काय करायचं नाही ते परत दाखवा," व्हर्लिन म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि चार वेळा दाखवलं.

वसंतात लॅडी आणि त्याची बायको व्लास्ता यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. स्ताराकच्या हॉलमध्ये सगळा परगणा जमला होता. कार्लाचे सासू-सासरेही होते. लॅडीने माइकवर जाहीर केलं की आता तो व्लास्तासाठी त्यांच्या लग्नातला वॉल्ट्झ वाजवणार. व्लास्ता समोर खुर्ची घेऊन बसली, रुमाल हातात.

वॉल्ट्झ संथ होता, लपायला कुठे जागाच नव्हती. पहिल्या चार ओळी व्हर्लिनने शहाण्यासारख्या वाजवल्या. मग लॅडीचा डावा हात सीवर असताना त्याने ए लावला, मोठ्या स्पीकरमधून, बिअरचे ग्लास थरथरतील असा. हॉलमध्ये बोके गुरगुरले. लॅडीने दचकून डाव्या हाताकडे पाहिलं. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. व्लास्ताने रुमाल खाली घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लॅडी, तुझा डावा हात घसरतोय."

लॅडीने बटणांवरची बोटं उचलली. त्याच क्षणी व्हर्लिनने सी वाजवला, गोल आणि गोड. गाणं धुतलेल्या काचेसारखं लख्ख झालं. लॅडीने हळूच बटण दाबून पाहिलं. व्हर्लिन ए वर. गुरगुर. लॅडीने सोडलं, स्वच्छ. तिसऱ्यांदा दाबल्यावर मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं, "अरे, त्या हाताला जेवायला घाला," आणि सगळा हॉल हसला. व्याहीसुद्धा. लॅडीने उरलेला वॉल्ट्झ नुसत्या उजव्या हाताने वाजवला. त्याचे कान बिटासारखे लाल झाले होते. व्हर्लिनला वाटलं, आपण आत्ता मेलो तरी चालेल.

पण ज्याच्यावर सूड उगवला त्याला ते कळायला नको? मध्यंतरात लॅडी मागच्या खोलीत अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसला होता. व्हर्लिन त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"ते मी केलं."

"काय केलंस?"

"तुझा हात बरोबर होता. तू सी वाजवत होतास, मी मुद्दाम खाली ए लावत होतो. माझ्या मुलीच्या लग्नात तू जे केलंस, त्याचं हे उत्तर."

लॅडीने अकॉर्डियन मांडीवरून खाली ठेवलं. "तू? व्हर्लिन, तुला ए कुठे असतो ते तरी माहीत आहे का?"

"सगळ्यात जाड तार, पाचवा पडदा. तुझ्या बटणांत सीपासून तीन वर. बटणं पाचव्याच्या क्रमाने लागलेली असतात."

"हे तुला कोणी पढवलं? व्लास्ताने?" लॅडीचे डोळे भरून आले. "माझ्या लग्नाच्या पंचविशीच्या दिवशी माझी चूक स्वतःवर घेतोयस. आणि मी त्या दिवशी पोरीच्या लग्नात तुला काय काय बोललो."

"लॅडी, मी खरंच सांगतोय."

"गप्प बस. फार मोठं मन आहे तुझं." लॅडीने त्याला मिशांसकट मिठी मारली, दंडाला धरून स्टेजवर नेलं आणि माइकवरून सगळं सांगितलं: डाव्या बाजूचे रीड, सूर काढणाऱ्या पट्ट्या, गेलेत, आणि हा भला माणूस मित्राची अब्रू राखायला स्वतः खोटं बोलतोय. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. व्हर्लिनने माइक ओढून पाहिला, पण टाळ्या थांबेनात. विहीणबाईंनी तर त्याच्या ताटात दोन कोलाचे, मुरंबा भरलेले गोड पाव, जास्तीचे वाढले आणि गालाला हात लावून म्हणाल्या, "आमची कार्ला भाग्यवान."

व्हर्लिन बर्निसच्या शेजारी जाऊन बसला.

"सांगितलंस त्याला?" तिने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"माझं मन मोठं आहे म्हणे," व्हर्लिन दात आवळून म्हणाला.

दुरुस्तीवाल्याला अकॉर्डियनच्या डाव्या बाजूत काहीच दोष सापडला नाही. तरी लॅडीने तिथले सगळे रीड काढून टाकायला लावले. त्यामुळे अकॉर्डियन बरंच हलकं झालं आणि लॅडीची जुनी पाठदुखी थांबली.