माझ्या मापाचे हार

एका गुंतवणूक कंपनीचा पैसा कोणकोणत्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत आहे आणि कोणते पुढारी तिच्या घरचे आहेत, हे मी महिनाभर शोधत होतो. नवाच पत्रकार होतो. पहिली मोठी बातमी मिळाली की नोकरी पक्की होणार होती. कंपनीचे अहवाल चाळून वाढला तो फक्त चष्म्याचा नंबर.

मग सीताबर्डीला कंपनीच्या दारासमोर, एका हारवाल्याच्या पाटीशेजारी मी पाळतीला उभा राहू लागलो. माझी पाळत गुप्त होती. ती फक्त हारवाल्याला आणि कंपनीच्या चौकीदाराला ठाऊक होती. हारवाला दातानं दोरा तोडायचा आणि तयार हार मापासाठी माझ्या गळ्यात घालायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शोधपत्रकार ना मी!

"काहून त्या कागदात खपून राहिले जी?" तो एकदा म्हणाला. "कंपनीचे हार मीच देतो. कारखान्याच्या साहेबाले छातीपर्यंत, मंत्र्याले बेंबीखाली. इलेक्शनच्या निकालाले कंपनी दोन हार घेऊन जाते, दोन्ही उमेदवारायसाठी. जो पडला, त्याचा हार गाय खाते."

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. "उद्या छापतो!"

"मान वाकवा जरा." त्यानं एक जाडजूड हार माझ्या गळ्यात घातला. तो बेंबीखाली गेला. "हा तुमच्या संपादकाले. उद्या कंपनीत सत्कार हाये त्यायचा."

माझी बातमी छापली गेली नाही. सत्काराची छापली, तीही मीच लिहिली. माझ्या मापाचा तो हार संपादकांच्या पोटावर आखूड पडला होता, एवढं मात्र मी लिहिलं नाही.