किनुयो गप्प राहिली ती कुस्ती

"निकाल ठरलेला असला तर असू दे, पडणं खरं पाहिजे."

किनुयो एबिना हे इतक्या वेळा बोलली होती, की इसोझाकी बंदरातली पोरं सायकलवरून घसरली तरी गुडघे झाडता झाडता तेच म्हणायची. किनुयो माकूळ मासळी चिरायच्या कारखान्यात कामाला होती. हातात आखूड सुरी, पायांत रबरी बूट, डोक्याला बांधलेला टॉवेल, आणि तोंडात सदानकदा कुणाची तरी कुस्ती. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होक्काइदोला गेला आणि तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. त्याचा विषय निघाला, की ती हसून म्हणायची, "तोही निकाल आधीच ठरलेला होता. पण मी खरी पडले."

शरद ऋतू सरता सरता निकाल आधीच ठरवून खेळ रंगवणाऱ्या टोक्योच्या मल्लांची साखळी स्पर्धा गावोगाव फिरत यायची आणि आमच्या नगरपालिकेच्या व्यायामशाळेत एक संध्याकाळ मुक्काम करायची. बाहेर बूट काढून, पायात सपाता घालून माणसं आत शिरायची. फरशीवर निळं प्लास्टिक अंथरलेलं, कोपऱ्यांत रॉकेलच्या शेगड्या, मधोमध दोरांचं रिंगण. आमची माणसं कुस्ती बघताना देवळात बसल्यासारखी बसतात. एखादा डाव रंगला की टाळ्या, नाहीतर सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. त्या शांततेत आवाज असायचा तो एकट्या किनुयोचा.

मोठे मल्ल अंतिम फेरीसाठी अंग राखून ठेवतात आणि वाटेतल्या गावांना उष्टं वाढतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे ते मुकाट गिळायचे. किनुयो गिळायची नाही.

"अरे ए, टोक्योच्या जावया!" ती बसल्या जागेवरून ओरडायची. "आम्हीपण जेवायलाच बसलोय इथं! ताटात काहीतरी वाढ!"

व्यायामशाळा खदखदून हसायची. आणि वर दोरांमध्ये तो नामांकित मल्ल ओशाळून का होईना, पुढचा डाव जीव लावून टाकायचा.

तिची परीक्षा करायची रीतच निराळी होती. मल्ल उचलला गेला, की ती डोळे मिटायची. सगळे बघायचे तेव्हा ती ऐकायची. पाठ सपाट, एकदम, धप्पदिशी आदळली तर ती म्हणायची, "पाठ वाजली." तसं नसेल तर, "पाठ मुकी." एवढेच दोन शेरे. कुस्त्या संपल्यावर सगळी रसिक मंडळी यासुच्या खानावळीत जमायची. कोन्नो न्हावी प्रत्येक कुस्तीला दहापैकी गुण द्यायचा. कुणाचा डाव कुठे सैल पडला, कुणी हात आधीच सोडला, कुणाचा चेहरा दुखण्याच्या आधीच दुखला, असं सगळं तो साकेच्या घोटागणिक सोलून काढायचा. पण त्याचे गुण देऊन झाले, की माना वळायच्या किनुयोकडे.

"पाठ मुकी होती," ती म्हणायची. लगेच कोन्नोच्या आठाचे पाच व्हायचे.

"मग मी दुकान बंद करून इथं कशाला येतो, किनु?"

"साके प्यायला."

चिरकामाच्या लांब टेबलावर किनुयोच्या शेजारी हारुए माबुची उभी राहायची. दोघी एकाच गारठ्यात म्हाताऱ्या होत चाललेल्या. हारुए अबोल, विधवा, एका मुलाची आई. तो मुलगा सेइगो. शाळा संपल्यावर मल्ल व्हायला टोक्योला जातो म्हणून हटून बसला, तेव्हा हारुए त्याला हाताला धरून किनुयोपुढे घेऊन आली.

"मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "तूच काय ते सांग. तू म्हणशील तसं."

कारखान्याच्या मागे जुन्या जाळ्यांचा ढीग होता. किनुयोने त्याच्यावर गवती चटया टाकल्या आणि पोराला पाठीवर पडायला लावलं. पुन्हा. पुन्हा. ती डोळे मिटून उभी होती. समुद्रावरून वारा येत होता, आणि हारुए पोराकडे न बघता किनुयोच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत होती.

"वाजते," किनुयो शेवटी म्हणाली. "जाऊ दे त्याला."

सेइगो गेला. तो कधी विजेता झाला नाही. दुसऱ्याला मोठा दाखवणारा मल्ल झाला तो. त्याला उचलून आपटलं की आपटणारा राक्षस वाटायचा. पण दर वर्षी इसोझाकीत त्याचं नाव पुकारलं, की लाल कागदी फितींचा पाऊस पडायचा. फितींच्या गुंडाळ्यांतल्या कडक नळ्या पोराला लागू नयेत म्हणून हारुएने आदल्या रात्रीच काढून टाकलेल्या असायच्या. आणि सगळ्यात जास्त शिव्या किनुयोच्या त्यालाच. तो आपटला, की पडल्या पडल्या एक बोट वर करून तिच्या दिशेला डोळे फिरवायचा. म्हणजे, मावशी, कसं?

"तुझ्यापेक्षा टोपलीतला माकूळ बरा पडतो!"

पडल्या पडल्याच त्याची छाती हसण्याने हलायची. मग तो उठायचा. कधी शिवी, कधी "वाजली रे!" पण त्या बोटाला उत्तर मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं.

सेइगो चाळिशीला टेकला त्या शरदात हारुएने सुरी खाली ठेवली. कामाच्या वेळी ती सुरी खाली ठेवायची नाही, म्हणून किनुयोने वर पाहिलं.

"काल घरी आला," हारुए म्हणाली. "जेवताना त्याच्या हातातून सुपाची वाटी पडली. म्हणाला, सुटली. मी दुसरी भरून दिली, तीही पडली."

"हात सुन्न होतो?"

"बोटं असल्यासारखी वाटतच नाहीत म्हणाला. मानेतून येतं ते. डॉक्टरांनी आता थांब म्हणून सांगितलंय. हा म्हणतो, ही साखळी शेवटची. सगळे सामने निभावून नेतो, हळू खेळतो, आणि घरी येतो."

"मग बरोबर आहे. हळू खेळू दे."

"तू खेळू देशील?"

किनुयोची सुरी अर्ध्या चिरलेल्या माकळात थांबली.

"तुझा आवाज ऐकला की तो चेकाळतो," हारुए म्हणाली. "लहानपणापासून बघतेय. माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. एक संध्याकाळ, किनु. त्याने काहीही केलं तरी तोंड उघडू नकोस."

"बरं म्हणेन मी. वाजली म्हणेन."

"तुला खोटं बोलता येत नाही. आवाजावरून लगेच कळतं त्याला. गप्पच बस."

किनुयोने थांबलेली सुरी शेवटपर्यंत ओढली. मग म्हणाली, "बरं," आणि तिने माकळाची आतडी ओढून बादलीत टाकली.

संध्याकाळी व्यायामशाळा भरली. लाल फिती उडाल्या. सेइगोच्या समोर दोई नावाचा टोक्योचा तरुण मल्ल होता. तो सेइगोला जमिनीवर धरून ठेवत होता, पकड सैल, मान सांभाळून. ज्याला ठाऊक होतं, त्याला ती माया दिसत होती. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना दिसत होतं उष्टं.

कुजबुज सुरू झाली.

"आपलाच पोरगा," कोन्नो मागच्या रांगेतून वाकून म्हणाला, "आणि आपल्यालाच ताक पाजतोय. किनु, बोल की."

किनुयोने गळ्यातल्या टॉवेलचं टोक दातांत धरलं. शेजारी हारुएने तिची बाही घट्ट पकडली होती.

दोईने सेइगोला उचलून अलगद खाली ठेवल्यासारखं टाकलं. पाठ मुकी. सेइगोने पडल्या पडल्या बोट वर केलं आणि डोळे वळवले. सगळी व्यायामशाळा हसायच्या तयारीत होती. कुणी आधीच तोंडावर हात धरला होता.

किनुयोने आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

बोट जरा वेळ वर राहिलं, मग खाली गेलं.

सेइगो उठला. त्याने दोईला डिवचलं, थोबाडीत मारली, आणि पुन्हा आपटून घेतलं. या वेळी जोरात. पाठ वाजली, खणखणीत वाजली. पुन्हा बोट. किनुयोच्या घशापर्यंत शब्द आला होता. हारुएची मूठ बाहीवर आवळली, आणि तो शब्द तिने टॉवेलासकट चावून धरला.

"एवढी पाठ वाजली तरी बोलत नाही?" कुणीतरी म्हणालं. "मावशीने बघणंच सोडलं वाटतं."

सेइगोने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तो तिच्याकडे बघत होता. वीस वर्षांत तिने त्याला माकूळ म्हटलं, गोणपाट म्हटलं, टोक्योचं पार्सल म्हटलं. पण त्याच्यावर शिवीसुद्धा वाया घालवू नये असं तिला वाटलंय, हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. निदान त्याला तसं दिसलं.

तो कोपऱ्यातल्या खांबावर चढू लागला. एका हाताने दोर नीट धरता येत नव्हता, म्हणून कोपर अडकवून चढत होता. खाली दोईने डोकं हलवलं, अगदी थोडं, नको म्हणून. सेइगोने पाठ फिरवली आणि मागच्या मागे स्वतःला झोकून दिलं.

किनुयोने सवयीने डोळे मिटले.

धप्प झालं नाही. ठक झालं. ओल्या लाकडावर सुरीची मूठ आपटावी तसं, एकदाच.

माणसं उभी राहिली. टाळ्यांनी छत हादरलं. "दहापैकी दहा!" कोन्नो नाचत ओरडला. "हे बघा! याला म्हणतात इसोझाकी! दहापैकी दहा!" लोक ओरडत होते तोवर दोई गुडघ्यांवर बसून पंचाला दोन्ही हातांनी खुणा करत होता. टाळ्या एकेका रांगेतून विझत गेल्या. डोळे मिटलेली किनुयो तशीच बसून होती. तिची बाही सुटली होती.

सेइगो वसंतात घरी आला, खाटेवर. मानेखालचं काही त्याचं राहिलं नव्हतं. हारुएने कारखाना सोडला. त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, हेच तिचं काम झालं. किनुयो रोज निवडक माकूळ घेऊन त्यांच्या दाराशी यायची. हारुए घ्यायची, मान लववायची. त्या संध्याकाळबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत. काय बोलणार? एकीने मागितलं होतं, दुसरीने दिलं होतं.

पुढच्या शरदात साखळी इसोझाकीला आली नाही. टोक्योची अंतिम फेरी टीव्हीवर होती. सेइगोने निरोप धाडला, म्हणून कोन्नो आणि किनुयो त्याच्या खाटेशी येऊन बसले. बाहेर अजून उजेड होता. आत स्वयंपाकघरात हारुए मुळा चिरत होती. मधल्या कागदी सरकदारावर तिची सावली दिसत होती.

दोई अंतिम फेरीत होता. कोन्नोने गुण द्यायला सुरुवात केली, जुन्या सवयीने, पण हळू आवाजात.

"सात," तो म्हणाला. "पकड चांगली होती."

"सहा," सेइगो म्हणाला. "घाई करतो तो. मावशी, पाठ वाजली का?"

"टीव्हीत काय कळणार."

"खरंय." तो थोडा वेळ बघत राहिला. मग डोळे पडद्यावरून न हलवता म्हणाला, "मावशी, त्या दिवशी तू गप्प का होतीस?"

मुळ्यावरची सुरी थांबली.

"मी वाट बघत होतो," सेइगो म्हणाला. "शिवी दिली असतीस तरी चाललं असतं. मी खाली उतरलो असतो, निभावून नेलं असतं आणि घरी आलो असतो. एवढंच विचारायचंय. इथं पडून दुसरं काही सुचत नाही."

कोन्नोने टीव्हीचा आवाज कमी केला. किनुयोने सरकदाराकडे पाहिलं. सावली उभी होती. दार सरकेल म्हणून किनुयो वाट बघत राहिली. दोईने पडद्यावर कुणाला तरी उचललं, आपटलं, आणि बिनआवाजाचं टोक्यो उभं राहिलं. दार सरकलं नाही.

त्या सावलीच्याच हातांनी अजून थोड्या वेळाने त्याला भात भरवायचा होता. उद्या सकाळीही, आणि परवाही.

"बोलण्यासारखं काही नव्हतंच," किनुयो म्हणाली. "कंटाळा आला होता मला."

"किनु!" कोन्नो ओरडला.

"खरं तेच सांगतेय. उष्टं वाढत होता. कुणासाठी घसा कोरडा करू?"

सेइगोने डोळे मिटले. त्याचा चेहरा तेवढाच आता त्याचा होता, आणि तोही त्याने हलू दिला नाही.

"तू खोटं बोलत नाहीस," तो म्हणाला. "म्हणून तुलाच विचारलं."

"ऊठ," कोन्नो म्हणाला. "निघ इथून. आणि यासुकडे येऊ नकोस. मी सगळ्यांना सांगणार आहे."

"सांग."

ती उठली. दाराशी बसून तिने रबरी बूट चढवले, आधी डावा, मग उजवा, नेहमीसारखे सावकाश. बाहेर वारा पडला होता. बंदराकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यांवर माकूळ वाळत घातले होते. त्यांच्या मधून ती चालू लागली. टॉवेल गळ्यात, हात मागे बांधलेले.

सेइगोची खाट टीव्हीकडे तोंड करून होती, त्याला मान वळवता येत नव्हती. कोन्नोने मुद्दाम पाठ फिरवली होती. स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडली. हारुए तिथे उभी होती, एका हातात सुरी, दुसऱ्यात अर्धा मुळा, आणि किनुयो वळणाआड जाईपर्यंत ती नुसती बघत राहिली.