आखाजीला राग धरायचा नसतो

सुंदरवहिनी बुटकी आहे. डोक्यावर हंडा असला की लांबून नुसता हंडाच चालत येतोय असं वाटतं. आवाज मात्र असा, की तिने खळ्यातून म्हशीला हाक मारली तर एरंडोलच्या रस्त्यावरची एस.टी. थांबेल, असं माझे वडील म्हणायचे. माझ्या माहेरच्या घराची आणि तिच्या घराची भिंत एकच. ती धुळ्याकडून लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा मी कॉलेजात होते. आता मी जळगावात मेहरूणला राहते, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते, आणि आल्या आल्या पहिल्यांदा ऐकू येतो तो भिंतीपलीकडचा तो आवाज.

तिचा नवरा वनाभाऊ गावची गुरं राखतो. गावामागे जो डोंगर आहे, त्याला आम्ही बर्डी म्हणतो, तिथे तो सकाळी गुरं चढवतो आणि दिवस कलला की उतरवतो. बोलत नाही फारसा. घरातलं बोलणं सगळं वहिनीच्या वाट्याला. ती लग्नाकार्यात खापरावरचे मांडे करते. उपड्या खापरावर हातानेच फिरवत नेलेली पुरणपोळी टाकते, एवढी मोठी की दोन हातांवर मावत नाही. आमच्या गावात दोन गल्ल्या, वरची आणि खालची, मध्ये नाला. दोन्ही गल्ल्यांतली एकही पंगत तिच्या मांड्यांशिवाय उठत नाही.

आणखी एक मान तिच्याकडे आहे. आखाजीला दुपारी, पितरांची घागर पूजून झाली, पोरींचे झोके भरात आले, की आमच्या गावच्या बायका नाल्यावर जातात. वरच्या गल्लीतल्या अलीकडच्या काठावर, खालच्या गल्लीतल्या पलीकडच्या. आणि मग एकमेकींना शिव्या देतात. मनसोक्त, चालीवर, टाळ्या वाजवून. वर्षभर सासू, नवरा, दीर, जाऊ यांच्यापुढे गिळलेलं सगळं त्या एका दुपारी बाहेर पडतं. नियम दोनच. पुरुषाने तिथे तोंड उघडायचं नाही, आणि त्या दिवशीच्या शिवीचा राग धरायचा नाही. वरच्या गल्लीकडून पुढे असते सुंदरवहिनी, खालच्या गल्लीकडून प्रमिलाबाई.

"सुंदर, तुम्हनी गल्लीना वरणले फोडणी नही न पोरीस्ना केसले तेल नही!" प्रमिलाबाई सुरू करायची.

"आनि तुन्या पोया इतल्या जाड शेत, पायमा घाल न बजारले जाय!"

दुसऱ्या दिवशी याच दोघी गिरणीवर शेजारी बसून एकमेकींच्या लेकीसुनांची चौकशी करत.

यंदा फाल्गुन सरता सरता बर्डीला आग लागली. वारा सुटलेला, गवत कंबरेएवढं वाळलेलं. कोणी म्हणतं मध काढणाऱ्यांनी धूर केला, कोणी म्हणतं विजेच्या तारा घासल्या, कोणी म्हणतं बिडी. खरं काय ते अजून कोणालाच माहीत नाही. वनाभाऊने गुरं खाली हाकलली आणि ओलं गोणपाट घेऊन परत वर गेला. त्याच्या राखणीतलं एकही जनावर गेलं नाही. पण आग डोंगर उतरून खळवाडीत घुसली. गरिबांच्या कडब्याच्या गंज्या, गोठे, बैलगाड्या, सगळं गेलं. वहिनीची म्हैस खळ्यात बांधलेली होती. गोणपाट झोडता झोडता वनाभाऊचे दोन्ही तळहात भाजले. कातडी आली आता, पण आखडलेली, बोटं पुरती सरळ होत नाहीत.

डोंगर थंड व्हायच्या आत गाव पेटलं. वरच्या गल्लीचे पुढारी बन्सीआबा एका पक्षात, खालच्या गल्लीचे शालिग्रामनाना दुसऱ्या. आबा म्हणाले, नानांच्या माणसांनी जमिनीसाठी रान पेटवलं. नाना म्हणाले, आबांच्या भाच्याने आग रोखायला डोंगरावर गवत कापून मोकळे पट्टे काढायचं काम घेतलं आणि केलं नाही, ते झाकायला आग लावली. दोघांनी फलक लावले. दोघांनी तालुक्याला मोर्चे नेले, आणि दोन्ही मोर्च्यांत पुढच्या फलकावर वहिनीच्या जळालेल्या म्हशीचा एकच फोटो होता. गावात दोन दूधडेऱ्या झाल्या. प्रमिलाबाईने वरच्या गल्लीतल्या गिरणीवर दळण आणणं सोडलं. कोणाच्या पत्र्याला कोणी एक खिळा ठोकून दिला नाही.

पट्टे काढले नव्हते, हे गावाला माहीत होतं. तालुक्याहून आलेला बंब आधी नानांच्या लिंबूबागेला पाणी मारत उभा राहिला, आणि मग खळवाडीकडे वळला, हेही माहीत होतं. वरची गल्ली एकच गोष्ट बोलायची, खालची गल्ली दुसरी. दोन्ही एकत्र कोणी बोलत नव्हतं.

मग बातमी आली की चौकशीला वरचे साहेब येणार. ते पट्ट्यांचं विचारणार, बंबाचंही विचारणार. आणि आगीपासून एकमेकांचं तोंड न पाहणारे आबा आणि नाना आखाजीच्या आदल्या सकाळी सुंदरवहिनीच्या ओट्यावर एकाच खाटेवर येऊन बसले. मी भिंतीच्या अलीकडे कुरडया तळत होते. गॅस बंद केला आणि आमच्या दारात येऊन उभी राहिले.

"वना," आबा म्हणाले, "गावात किती दिवस हे चालायचं? एकी पाहिजे. उद्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर सगळे जमू. तू बिडी ओढतोस हे पोराटोरांना ठाऊक आहे. दोन हात जोडायचे, चूक झाली म्हणायचं, संपलं. गाव माफ करतं."

"पोलीसबिलीस काही नाही," नाना म्हणाले. "माझा शब्द आहे."

"आमचा दोघांचा," आबा म्हणाले.

वनाभाऊने भाजलेले हात पाठीमागे घेतले. खाटेच्या सुंभाकडे बघत राहिला. वहिनी आतून आली. पाहुणा ओट्यावर टेकायच्या आत जिच्या चुलीवर पातेलं चढतं, ती हात पुसत नुसती उभी राहिली.

"चहा ठेवती आबा," ती म्हणाली, "पन दूध देनारी म्हैस बयी गई."

दोघे उठले. नाना जाताना म्हणाले, "विचार कर वना. बायकांच्या नादी लागू नको."

"इचार झाया," वहिनी म्हणाली. "मना माणूस हात जोडनार नही."

भांडण झालं ते नंतर, घरात. तिची मुलगी हेमांगी असोद्याला दिली आहे. ती आखाजीला आली होती ती सासूचे टोमणे घेऊनच. कोणीतरी मोबाइलवर 'डोंगर जाळणारा वना' म्हणून बापाचा फोटो फिरवला होता आणि तो असोद्याच्या गल्लीगल्लीत पोचला होता.

"आई, जोडले हात तर झिजतात का?" हेमांगी रडत होती. "एक दिवसाचा अपमान. पुढे लोक विसरतात. मला तिथं रोज ऐकावं लागतं."

"हात जोडले तं जल्मभर ऐकशी," वहिनी म्हणाली. "आज म्हनतस वनानी जाळा व्हई. उद्या म्हनतीन, वनानीच कबूल करं."

"बाबांना विचारलंस का?"

मी भिंतीला कान लावला. नंतर वनाभाऊचा आवाज आला, अगदी हळू. "मी थकी गऊ व पोरी. तुन्ही माय सांगी तसं."

"नही," वहिनी म्हणाली. "तुमी सांगा. जाळा का तुमी?"

"नही."

"मंग झालं."

आखाजीच्या दुपारी वहिनीने घागर पुजली, विस्तवावर पितरांच्या नावाने घास टाकला, आणि नवं लुगडं नेसून नाल्याकडे निघाली. मी तिच्या मागे. नाल्यावर पोचलो तर यंदा पुरुषही आलेले. काठावर आबा आपल्या माणसांसह, पलीकडे नाना आपल्या. आबांच्या पोरांनी वरच्या बायकांना घोषणा शिकवून ठेवल्या होत्या, नानांच्या पोरांनी खालच्यांना. एकी संध्याकाळी व्हायची होती; तोवर शिव्यांच्या जागी पक्षाच्या घोषणा द्यायच्या आणि मोबाइलवर टिपायच्या. आमच्याकडच्या बायका वहिनीकडे बघत होत्या. तिने सुरुवात केल्याशिवाय आजवर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

वहिनी काठावर थांबलीच नाही. ती तशीच खाली उतरली. नाल्यात पाणी कसलं, नुसती वाळू. ती मधोमध जाऊन उभी राहिली. तिथे कधीच कोणी उभं राहत नाही. वहिनीने पदर कमरेला खोचला आणि आधी आमच्याच काठाकडे तोंड केलं.

"ओ बन्सीआबा! तुमना भाच्यानी पट्टा काढा म्हनतस, कोठे काढा? डोंगरवर तं एक पट्टा नही! भाच्याना गाल मात्र कसा सफाचट शे!"

पहिल्यांदा हसल्या त्या पलीकडच्या बायका. मग आमच्याकडची एक, तोंडाला पदर लावून. आबांचा भाचा खरोखरच हात गालाला लावून उभा होता, आणि मग सगळा काठ हसला. नाना तर मांडीवर थाप मारून.

वहिनी वळली.

"शालिग्रामनाना! हासू नका, दात मोजाई जातीन! बंब उना तं पह्यलं पानी कोले पाजं? तुमना लिंबूले! लिंबूले ताप उनता का? मनी म्हैस दाव्याले बांधेल व्हती. तिले सांगता नही उनं, नाना, माले तहान लागनी. तिले तुमना पक्ष माहीत नव्हता!"

आता कोणी हसलं नाही.

"आनि दोन्ही मियीसन," ती दोन्हीकडे बघत म्हणाली, "दोन्ही मियीसन मना खाटवर बसनात! सुंभ ढिला व्हई गया! आख्खा गावनी आग एक माणूसना बिडीमा घालतस! इतली मोठी बिडी कोठे भेटस, माले बी दाखाडा! मी बी ओढसू!"

"ए बाई," आबांनी हात वर केला, "तोंड आवर—"

"आबा!" काठावरची सगळ्यात म्हातारी, दात नसलेली लताबाई ओरडली. वहिनीच्या आधी हा मान तिच्याकडे होता. "माणूसनी आठे बोलानं नही!"

"राग धरू नका आबा," वहिनी खालून म्हणाली. आवाज एकदम गोड. "आखाजी शे."

आबांचा हात वरच राहिला. बोलले असते तर बायकांच्या खेळात तोंड घालणारा पुढारी म्हणून जन्मभर हसं. न बोलले, तर निमूट ऐकून घेतल्यासारखं.

सगळ्यांचं लक्ष आता प्रमिलाबाईकडे. शिवीला शिवी द्यावीच लागते, नाहीतर गल्ली हरली. आणि शालिग्रामनाना तिचे सख्खे जेठ, म्हणजे थोरले दीर. तिने आजवर त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर घसरू दिला नव्हता. ती चार पावलं पुढे आली.

"सुंदर, मना जेठले बोलनी तू. तुले सोडाव नही मी."

"नको सोडू."

"पन आधी एक इचारनं शे." प्रमिलाबाईने पदर पुढे ओढला आणि नानांकडे पाठ केली. जेठाच्या तोंडाकडे बघून बोलायचं नसतं. तिने नाल्याकडे, वहिनीकडे, समोरच्या रिकाम्या वाळूकडे बघत विचारलं, "माले कोनी सांगा, बंबना पाइप लिंबूमा कोन धरीसन उभा व्हता? आमनाच डायवर ना? मना डोयानी देखं मी. घरमा सांगं तं म्हने, चूप बस."

मागे नाना काय करत होते ते तिला दिसत नव्हतं. आम्हाला दिसत होतं. ते पायातली वहाण शोधत होते. ती पायातच होती.

मग वहिनी आणि प्रमिलाबाई एकमेकींवर तुटून पडल्या. वरणाला फोडणी नाही इथपासून ते सुनेच्या चपलेपर्यंत, नेहमीप्रमाणे, दिवस कलेपर्यंत. पुरुष केव्हाच निघून गेले. मोबाइल घेऊन आलेल्या पोरांनी काय टिपलं आणि काय पुसलं, ठाऊक नाही.

घरी परतताना मी तिला म्हटलं, "वहिनी, आता ते चौकशीत खरंच भाऊंचं नाव घालतील."

"घालोत," ती म्हणाली. या वेळी साध्या आवाजात, दमलेल्या. "त्यास्ना हातमा शे, ते करतीन. मना माणूसना हात त्यास्ना हातमा नही."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर खुर्च्या मांडल्या, फुलांच्या माळा लावल्या. एकी जाहीर करायची होती, ती रद्द करायला दोघांनाही लाज वाटली असावी. लोक आले थोडे. ज्यांच्या गंज्या जळाल्या होत्या ते जवळजवळ कोणीच आले नाहीत. कर्णा मात्र आमच्या गल्लीकडेच तोंड करून बांधलेला.

वहिनीने अंगणात तीन दगडांवर खापर चढवलं होतं. मला म्हणाली, "बस आता आठेच जेवाले. रस काढेल शे." वनाभाऊ भिंतीला टेकून पाटावर बसला होता. पुढे ताट, ताटात आमरसाची वाटी. हेमांगी लाकडं सारत होती. दिवसभर ती आईशी बोलली नव्हती, नाल्यावरही आली नव्हती.

कर्णा खरखरला. "वना... वना कुठे असतील तिथून पारावर यावं." आबांचा आवाज.

वनाभाऊने मान वर केली. वहिनीने पुरण भरलेला उंडा हातांवर घेतला, या हातावरून त्या हातावर फिरवत तो वाढवत नेला, मोठा, आणखी मोठा, विस्तवाचा उजेड त्यातून दिसेपर्यंत.

"वना, सगळे थांबले आहेत." आता नानांचा. "उशीर करू नये."

"बोलावतस," वनाभाऊ म्हणाला.

"बोलाऊ द्या."

तिने मांडा खापरावर टाकला. क्षणभर नुसता त्याचा चर्र आवाज. मग कर्णा पुन्हा सुरू झाला, आधी एक, मग दुसरा, मग दोघे एकदमच, आणि हेमांगी उठली. मला वाटलं ती बापाला घेऊन निघणार. तिने निघणाऱ्या वाफेसकट मांडा उलथला, दुमडला, आणि बापाच्या ताटात ठेवला.

"बाबा, गरम आहे तोवर खा," ती म्हणाली.

त्याची बोटं आखडलेली होती, घास पटकन तुटत नव्हता. त्याने सावकाश एक तुकडा तोडला, रसात बुडवला आणि तोंडात घातला. पारावरून अजून त्याचं नाव येत होतं. वहिनीने पुढचा उंडा हातात घेतला.