यंत्रावरचा आळ

‘वकीलसाहेबांनी गॅरेजवाल्यांचे यंत्र मुंबईहून मागवले, यंत्राने गाडी निर्दोष ठरवली, आणि तीच गाडी पालीहून येताना ऐन चढावर बंद पडली. हौशी मालकाने धंदेवाल्याच्या हत्याराला हात लावू नये, ते यासाठी.’

ही हकीकत रत्नागिरीत वर्षानुवर्षे सांगितली जाते. वाचनालयाच्या ओट्यावर ती माझ्यादेखत सांगितली गेली आहे, आणि कोर्टात समोरच्याचे एकही वाक्य सुखाने पुरे होऊ न देणारा मी — मान हलवून गप्प बसलो आहे. आज ती मला खोडून काढायची आहे. खरे काय घडले, ते मी पत्नीलाही कधी सांगितले नाही. तुम्हांला सांगतो. आता हे ओझे वागवण्याचा कंटाळा आला आहे.

आधी यंत्राची बाजू. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात दाब किती भरतो, हे दाखवणारी ती एक तबकडी. प्लग काढायचा, त्या भोकावर ती दाबून धरायची, पुढून गड्याने हँडल मारायचे, काटा चढतो; कमी चढला, की दाब कुठेतरी गळतो आहे. यात विद्वत्ता कसली? ज्यांनी जन्मात एक नट फिरवला नाही, त्यांनी ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ असा निकाल द्यावा, याची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे. मालकाने असे यंत्र जरूर घ्यावे. हे माझे मत मी मागे घेत नाही — आणि तरीही ते आजवर मला मोठ्याने मांडता आले नाही. का?

माझी धाकटी बहीण यमू सासऱ्यांच्या श्राद्धासाठी पालीस आली होती. तिचे यजमान मुंबईत इस्पितळात असल्याची तार माझ्याकडे आली. दुपारची बोट गाठायची, तर तिला तडक बंदरावर आणणे भाग होते. मी अंगणात गाडी तपासली. गड्याने हँडल मारले. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारी जमले होतेच. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणालो, ‘चारही सिलिंडर उत्तम.’ आणि निघालो.

सकाळी धाडलेल्या निरोपाप्रमाणे यमू पालीच्या बाजारात ट्रंक घेऊन उभी होती. कोल्हापूरहून रत्नागिरीला येणारी सर्व्हिस मोटार तिथेच थांबली होती. तिचा ड्रायव्हर कासम मला ओळखत होता. म्हणाला, ‘सायब, बायला माझ्या गाडीत बसवा. सीट हाय. तुमी मागनं या सावकाश.’ मी म्हटले, माझी गाडी यंत्राने तपासलेली आहे. तो हसला. ‘काट्याला इचारून मोटार चढ चढते व्हय?’ बाजारातली माणसेही हसली. यमू एकदा त्या गाडीकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मी तिची ट्रंक उचलून माझ्या गाडीत ठेवली.

सर्व्हिस मोटार पुढे गेली. आम्ही चढाच्या मध्यावर पोहोचलो, तेव्हा इंजिन फुरफुरले, वाफेचा लोट उठला आणि गाडी मागे सरकू लागली. चाकाखाली दगड लावला तो यमूने — पदर खोचून. पुढे आम्ही बैलगाडी मिळवली. बंदरावर पोहोचलो, तो मिऱ्याच्या डोंगराआडून बोटीचा धूर तेवढा दिसत होता. यमू ट्रंकेवर बसली. मी काही बोलावे, त्याआधीच म्हणाली, ‘अण्णा, तू तरी काय करशील? त्या मेल्या यंत्रानंच दगा दिला.’

त्या क्षणी बोलायला हवे होते — नाही का? मी बैलगाडीवाल्याचे पैसे मोजू लागलो.

दुसऱ्या दिवशीच्या बोटीने ती गेली. पोहोचली तेव्हा तिच्या मुलाने बापाला अग्नी दिलेला होता. पुढे ती जगली तितकी वर्षे माझा कैवार घेत राहिली. कोणी मला बोल लावला, की ती यंत्राची गोष्ट सांगे. गावात पसरली ती हकीकत मुळात तिची. मला वाचवण्यासाठी तिने सांगितलेली.

तो मुलगा, माझा भाचा, आता इथेच डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात त्याने जुनी मोटार घेतली. मी म्हटले, दाबाचे यंत्र घे. तो शांतपणे म्हणाला, ‘नको मामा. आईला त्यानंच उशीर केला.’  

तेव्हा ही उलटतपासणी माझी मीच संपवतो. त्या आठवड्यात सिलिंडरांवरचे झाकण मी स्वतः उघडून स्वतः बसवले होते. गॅरेजची गरज नाही, असे ओट्यावर चारचौघांत सांगून बसवले होते. यंत्राने पहिलाच दोष काढला, तो माझ्या हातांचा. हँडल मारणारा गडी गाडीपुढे वाकलेला होता, शेजारी गडग्यापलीकडे होते. तबकडी फक्त मला दिसत होती.

तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरावर काटा निम्म्यापर्यंतही चढला नव्हता, आणि पालीस निघण्यापूर्वी मी तो पाहिला होता.