डावीकडचा पाटा

चिखलदऱ्याहून परत येत होतो. घाट उतरून झाला होता, परतवाडा मागे पडला होता, वलगाव चार-पाच किलोमीटरवर राहिलं होतं. मी गाडी चालवता चालवता अमरावतीला घरी गेल्यावर भाजी कोणती करायची ते ठरवत होते. रस्त्यात एक साधा खड्डा आला. गाडी आपटली आणि मागून आवाज आला, कोणी खालून घण घातल्यासारखा. लगेच गाडी डावीकडे कलली आणि स्टिअरिंग माझ्या हातातून ओढू लागलं.

मागून ट्रक येत होता. त्याचा हॉर्न माझ्या डोक्यात घुसला. मी ब्रेकवर पाय ठेवला खरा, पण दाबायची हिंमत होईना. कशीबशी गाडी कडेला, तुरीच्या वावराजवळ घेतली. ट्रक निघून गेला तरी माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

"काय झालं? काहून थांबली?" शेजारी बसलेल्या नवऱ्यानं विचारलं.

एवढा मोठा आवाज झाला आणि हा माणूस विचारतो काय झालं! तेव्हा मला वाटलं, त्यांना डुलकी लागली असेल.

आमची गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत होता. डब्यांच्या खालचं सगळं तपासायचं, हे त्यांचं तीस-बत्तीस वर्षांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी फिरायला म्हणून ही गाडी घेतली, सीटा काढल्या, मागच्या चाकांच्या वर पलंग बसवला, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. गुडघ्यामुळे त्यांना क्लच दाबवत नसे, म्हणून छप्पन्नाव्या वर्षी गाडी मी शिकले. चालवायची मी, सांभाळायची त्यांनी, अशी वाटणी होती. गाडीच्या खाली काय आहे हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

त्यांनी उतरून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. उठले तेव्हा चेहरा उतरला होता.

"पाटा गेला," ते म्हणाले. "डावीकडचा. मोठा पाटा तुटला."

मागच्या चाकांवर गाडीचं वजन ज्या लोखंडी पट्ट्या झेलतात, त्यांना पाटे म्हणतात. एकावर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकलेल्या. सगळ्यांत वरचा, लांब पाटा गाडीला जोडलेला असतो. तो तुटला म्हणजे चाक जागेवरून सरकतं. आमचं सरकलंच होतं. टायर घासून आतला पत्रा काळा झाला होता, जळक्या रबराचा वास येत होता.

"कोणाले तरी बोलवा ना," मी म्हणाले. "अमरावती काही लांब नाही."

"काय बोलवतं? मी मेलो का? साखळीनं बांधतो, वलगावपर्यंत नेऊ."

मी जास्त बोलले नाही. त्यांचा आवाज चिडका होता, आणि चिडकेपणाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते मला नीट कळत नव्हतं. त्यांनी जॅक काढला. नोकरीत असताना खाली फळी न ठेवता जॅक लावणाऱ्या माणसाला त्यांनी शिव्या घातलेल्या मी ऐकल्या आहेत. त्या दिवशी त्यांनी फळी ठेवली नाही. काळ्या मातीवर तसाच जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं आणि ते आधाराला गाडीखाली सरकवून ठेवायचं सोडून बाभळीला टेकवलं. मग आमचीच चटई अंथरून ते खाली शिरले. बाहेर फक्त पाय.

मी जॅककडे पाहत उभी होते. वावराला आदल्या दिवशी पाणी दिलेलं असावं, कडेची माती ओली होती. आधी मला वाटलं भास होतोय. मग दिसलं, जॅकचा पाया एका बाजूनं मातीत चाललाय. एक बोट. मग दोन बोटं. जॅक तिरका होत होता, अगदी सावकाश, आणि त्याच्यावर आमचं अख्खं घर.

"निंघा बाहीर!" मी ओरडले.

पाय हलले नाहीत. खालून साखळीचा खळखळाट येत होता.

"अहो, निंघा! जॅक चालला!"

रस्त्यावर गाडी नव्हती, वारा नव्हता. मी त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर उभी होते. माझा आवाज वावरापलीकडच्या माणसानं ऐकला, तो मान वर करून पाहू लागला. माझ्या नवऱ्यानं ऐकला नाही. ते आपले साखळी ओढत होते, शांतपणे.

त्यांनी धरायला दिलेला पाना मी टाकला, त्यांचे दोन्ही घोटे धरले आणि मागे ओढलं. ते चटईसकट घसरत आले. शर्ट वर सरकला, पाठ खरचटली, डोकं बाहेर आलं.

"काहून ओढलं? पागल झाली का तू?"

त्यांचं वाक्य पूर्ण झालं तेव्हा जॅक निसटला. गाडी बसली. आतली भांडी पडली, पाण्याची टाकी फुटली आणि चटई जिथे होती तिथे चाक काढल्यावर उघडा पडलेला लोखंडी ड्रम मातीत रुतला.

ते मातीत बसून राहिले. मीही बसले. वावरातला माणूस धावत आला, त्यानं आम्हाला पाणी दिलं. मी त्यांच्या डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवत होते, सगळं जागेवर आहे की नाही ते चाचपत. मग मी विचारलं, "मी ओरडली, आयकू नाही आलं तुमाले?"

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "साखळीचा आवाज होता ना."

त्या शेतकऱ्यानं फोन करून वलगावचा एक मेकॅनिक बोलावला. त्यानं लाकडाचा ठोकळा अडकवून, वर साखळी आवळून गाडी कशीबशी घरी आणून दिली. पण एवढ्या जुन्या गाडीचे पाटे अमरावतीत मिळेनात. अकोल्याला एक मिस्त्री फक्त पाट्यांचंच काम करतो, असं कळलं. मेकॅनिकनं दुसऱ्या गाडीचा एक जुना पाटा तात्पुरता बसवला आणि म्हणाला, "काकू, हळू जा. तीसच्या वर नका नेऊ."

अकोल्यापर्यंतचा तो रस्ता मी कसा काढला ते मलाच ठाऊक. प्रत्येक ट्रक मागून आला की मान आखडायची. पूल आला की श्वास रोखायचा. नवरा शेजारी बसला होता. मधूनमधून मी मुद्दाम हळू आवाजात काही बोलायची. "ऊन फार आहे." "पेट्रोल पंप गेला." उत्तर नाही. मी तोंड त्यांच्याकडे करून बोलले की मात्र लगेच उत्तर यायचं. असं किती दिवसांपासून चाललं होतं? मला आठवू लागलं. टीव्हीचा आवाज. फोन माझ्या हातात देणं. हाक मारली की न येणं आणि मग त्यावरून आमची भांडणं.

मिस्त्री साठीचा होता, हाताला भाजल्याचे डाग. त्यानं दोन्ही बाजूंचे पाटे उतरवले आणि आम्ही सोबत आणलेला तुटलेला पाटा आमच्यापुढे धरला.

"काका, हे पायजा. हा काही परवा तुटला नाही."

तुटलेल्या जागी अर्ध्याहून जास्त भाग तांबूस काळा होता, गंजलेला. उरलेली चिंचोळी पट्टी तेवढी चकचकीत, ताजी.

"एवढा पयलेच गेला होता. दोन-तीन महिने तरी झाले असतीन. बाकीच्यानं धरून ठेवलं होतं. गेले कुठी होते?"

"चिखलदऱ्याले," मी म्हणाले.

"घाट उतरले याच्यावर?" त्यानं आम्हा दोघांकडे पाहिलं. "नशीबवान आहात, काकू."

माझ्या डोळ्यांपुढे ती वळणं आली. एका बाजूला दरी, आणि मी गाणं गुणगुणत गाडी उतरवत होते. मी तिथल्या टायरवर बसले.

नवरा पाटा हातात घेऊन उभा होता. "मी ठोकून पायला होता," ते म्हणाले. "निंघायच्या दिवशी सकाळी. हातोडीनं. चारी जागी."

हे मला माहीत होतं. मी तेव्हा गाडीत डबे बांधत होते. खालून आवाज येत होते. टण. टण. टण. आणि चौथ्यांदा थप्प, फुटक्या माठासारखं. माठ घेताना बोटानं वाजवून पाहणारी बाई मी. तो आवाज मला तिथेच खटकला होता. पण ते खालून म्हणाले, "चाल, ठीक आहे," आणि मी गप्प बसले. तीस वर्षं रेल्वेचे डबे वाजवून पाहिलेल्या माणसाला मी काय सांगायचं?

तिथेच, मिस्त्रीच्या भट्टीच्या भात्याच्या आवाजात, मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हे सांगितलं. ओठ दिसतील असं, स्पष्ट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मले चारी सारखेच वाटले." आणि मग, "नोकरीच्या शेवटच्या वर्षीबी तसंच होतं. मी कोणाले सांगितलं नाही."

त्या शेवटच्या वर्षात त्यांच्या हाताखालून किती डबे गेले असतील, हे ते बोलले नाहीत, मीही नाही. पण त्यांच्या डोळ्यांत तीच भीती होती, आणि ती माझ्या घाटाच्या भीतीपेक्षा मोठी होती. "तवा दुसरा माणूसबी तपासत होता," ते स्वतःलाच म्हणाल्यासारखं दोनदा म्हणाले.

मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना नवे पाटे घातले, बोल्ट आणि रबरंही बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आमच्या हातात दिली. त्याच्या गल्लीत मी एक चक्कर मारली. गाडी आता कलत नव्हती, खड्ड्यात आवाज नव्हता, तरी मला प्रत्येक गतिरोधकावर कोणी घण उगारल्यासारखं वाटत होतं.

अमरावतीला परतल्यावर आठवड्याभरात ते स्वतःच कानाच्या डॉक्टरांकडे जायला तयार झाले. आता यंत्र लावतात. कुकरची शिटी फार मोठी आहे, अशी तक्रार करतात. गाडी दर दोन महिन्यांनी मेकॅनिककडे जाते आणि तो खाली वाकून पाहतो तेव्हा मीही सोबत असते.

पण घाटात आम्ही अजून गेलो नाही. यंदा थंडीत जाऊ, असं ते म्हणतात. पाटे नवे आहेत, सगळं मजबूत आहे, हे मला कळतं. मी कागदावर रस्ता लिहून काढते, पाण्याचे डबे भरते, आणि निघायच्या आदल्या दिवशी काहीतरी कारण सांगते.